धुरपदाबाईंच्या खानावळीवरचा छापा

सुरतेच्या उधना भागातल्या एका गल्लीत धुरपदाबाईंच्या खानावळीला पाटी नव्हती. जेवणाच्या वेळी ओट्याखाली चपलांचा ढीग पडायचा, तीच पाटी. लूमवर काम करणारे, डाइंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभे राहणारे, जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यांत पाळ्या करणारे, असे खान्देशाकडचे पुरुष तिथं जेवायचे. गावाकडं ज्यांच्या बायका होत्या त्यांना इथं धुरपदाबाई होत्या. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. एवढ्यावर माणूस सुरतेत टिकून राहत असे.

बाई घरात अहिराणी बोलायच्या, पंगतीत मराठी आणि बाजारात गुजराती. तिन्ही बोलींत त्या एकच काम मुख्यतः करायच्या, ते म्हणजे प्रश्न विचारायचं. पारोळ्याजवळच्या गावात लहान असताना त्यांनी पोस्टमनला विचारलं होतं, की तार तारेवरून येते तर पावसात भिजत कशी नाही? पोस्टमन हसून पुढच्या घराकडं वळला होता. लग्न होऊन सुरतेला आल्या, खानावळ सुरू केली, केस पिकायला लागले, तरी खोड गेली नाही. रंगखात्यातल्या माणसाला विचारायच्या, की निळा रंग हाताला बसतो मग पोटात जात नसेल का. तो बिचारा भाकरी तोडता तोडता आपल्या हाताकडं बघत बसायचा.

त्यांचे यजमान सुपडू यांनी उभं आयुष्य लूमच्या खडखडाटात काढलं होतं. त्या आवाजानं त्यांचे कान नेले. त्यामुळं बाईंच्या प्रश्नांतून सुटलेला घरातला तो एकटाच माणूस. ते म्हणायचे, "देवनं इले तोंड दिन्हं ते खावाले नही, इचारालेच."

आदल्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णवला, शहरात प्लेगची साथ आली होती. गाड्या भरभरून माणसं गावाकडं पळाली. धुरपदाबाईही गेल्या, सगळ्यांबरोबर परत आल्या, आणि चूल पुन्हा पेटवली. पण परत आल्यावर शहर बदललेलं दिसलं. पालिकेनं कंबर कसली होती. उकिरडे उचलले जात होते, गटारं उपसली जात होती, आणि खाण्यापिण्याच्या जागांवर पथकं येत होती. कधी येतील ते कुणाला ठाऊक नसायचं. यायची, भांडी उघडून बघायची, घाण दिसली की दाराला सील ठोकून निघून जायची. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याचं दुकान असंच बंद झालं. दळणवाल्या काकांनी बाईंना सांगितलं, "मासी, दरोडो पड्यो."

बाई घाबरल्याच. मग कळलं की गुजरातीत सरकारी माणसं आली तरी दरोडाच म्हणतात. पंगतीतले लोक त्याला छापा म्हणत, कुणी धाड म्हणे, कुणी रेड. शब्द एवढे असले तरी ती गोष्ट नेमकी काय, हे बाईंना कुणी सांगेना. आणि ते कळणं त्यांना फार गरजेचं होतं. सुपडूंचं काम सुटलं होतं. खानावळीला सील लागलं, तर त्या घराला दुसरी मिळकत नव्हती. पुन्हा गावाकडं जाऊन दिराच्या ओसरीवर बसायचं, एवढंच उरलं असतं.

पंगतीत भिंतीच्या कडेला भाऊराव बसायचे. भुसावळकडचे. महार रेजिमेंटमध्ये नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलेले. त्यांची मंडळी, काशीबाई, गावाकडं शेत सांभाळून होत्या आणि हे सचिनला एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करायचे. ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा एकदोघांनी त्यांना आडनाव विचारलं होतं. बाईंनी भाकरी वाढता वाढता एवढंच म्हटलं, "सगळ्यांना प्रश्न विचारायचं काम माझं शे. तुम्ही जेवा." विषय तिथंच संपला.

"भाऊ," एक दिवस बाई त्यांच्यासमोर परात घेऊन बसल्या, "तुम्ही फौजेत होते. छापा म्हणजे नेमकं काय, ते मला सांगा."

"छापा?" भाऊरावांनी घास खाली ठेवला. असा सरळ प्रश्न त्यांना निवृत्तीनंतर कुणी केला नव्हता. "बघा ताई. लोक सगळ्यालाच छापा म्हणतात, पण फौजेत तसं नसतं. ही वरणाची वाटी म्हणजे दुश्मनाची चौकी. हमला म्हणजे ही वाटी घ्यायची आणि तिथंच ठाण मांडायचं. जागा आपली झाली. घात म्हणजे या भाकरीमागं दबा धरून बसायचं, वाटीतून कुणी बाहेर निघेल त्याची वाट बघत. आणि छापा म्हणजे अचानक आत शिरायचं, ठरलेलं एकच काम करायचं, आणि लगेच परत. थांबायचं नाही. छाप्यात परतीचा रस्ता आधी ठरतो, जायचा मागून."

"म्हणजे येणारे राहायला येत नाहीत."

"मुळीच नाही. राहिला तो फसला."

शेजारच्या पाटावरच्या राघोनं तोंड घातलं, "मावशी, या गावाला छापे नवीन आहेत का? तीनशे वर्षांपूर्वी आपलीच माणसं घोड्यांवर आली होती की!"

"आली असतील," बाई म्हणाल्या, "पण त्यांनी लोकांची मोरी घासलेली आहे का ते नव्हतं पाहिलं."

पंगत हसली. बाई हसल्या नाहीत. त्या वाटीकडं बघत होत्या.

"भाऊ, आणि ज्याच्या घरी छापा पडतो त्यानं काय करायचं?"

भाऊरावांनी वाटी परत जागेवर सरकवली. मग म्हणाले, "ते आम्हाला शिकवलं नाही."

पण बाई सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. ताटं उचलली गेली, माणसं पांगली, तरी त्यांनी भाऊरावांना चहाला थांबवून घेतलं. तुम्ही स्वतः गेला होता का? गेला होता तर आत काय दिसलं? भाऊराव आधी टाळत होते. एकाहत्तर सालची गोष्ट, कशाला उगाच. मग कप हातात फिरवत बोलायला लागले.

"पहाटेच्या आधी गेलो होतो. छोटी चौकी. आमचं काम एवढंच, की त्यांचं वायरलेस मोडायचं आणि यायचं. आत शिरलो तर माणसं पळालेली. स्टोव्हवर डाळ उकळत होती. झाकण उडत होतं. काम झालं, साहेबानं परतीची खूण केली, सगळे निघाले. आणि मी काय केलं असेल? पातेलं खाली उतरवलं."

"काबर?"

"खाली लागली असती ना डाळ."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊरावांनाही हसू आलं. "साहेबानं नंतर अशी खरडपट्टी काढली म्हणता! म्हणाला, तू शिपाई आहेस की आचारी?"

"पण भाऊ, त्या लोकांचं चुकलं कुठं? हत्यारं नव्हती त्यांच्याकडं?"

"सगळं होतं. सवय नडली त्यांना. रोज काही होत नाही, म्हणून आजही होणार नाही, अशी सवय लागते माणसाला. आमच्याकडं त्यावर उपाय होता. आमचाच साहेब न सांगता आमच्याच चौकीवर यायचा. कधी भर दुपारी, कधी जेवताना. त्याच्या भीतीनं आम्ही जागे."

बाईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "मग माझ्यावर तुम्हीच टाका छापा."

"काहीतरीच काय, ताई."

"खरं सांगते. सरकारी लोक येतील तवा येतील. आधी तुम्ही या."

भाऊरावांनी विचार केला. "मी आलो तर तुम्ही हसाल आणि चहा टाकाल. आमच्या पहारेकऱ्यांच्या एजन्सीतली दुसरी माणसं धाडतो. तुम्ही ओळखत नाही अशी. पण कधी ते सांगणार नाही. आणि तुम्हीही कुणाजवळ बोलायचं नाही."

त्या दिवसापासून खानावळीचं रूप पालटलं. माठाला झाकण आलं, ओगराळं खुंटीवर गेलं. पिठाचे डबे विटांवर चढले. चपला ओट्याखाली, हातपाय बाहेरच्या मोरीवर धुवायचे, आणि चुलीच्या खोलीत बाईंशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. राघो म्हणाला, "मावशी, आता भाकरीला सलाम करून खायची का?"

"सलाम नको. हात धोईसन खा, तेवढं पुरे."

समोर पार्वतीची खानावळ होती. पार्वती शिरपूरकडची, जिभेनं तिखट, मनानं वाईट नाही. दोघींची गिऱ्हाइकं एकाच गल्लीतली, त्यामुळं बोलणं होतं ते टोमण्यांचं.

"धुरपदा, तुना घर लगीन शे का वो? रोज घासस, रोज पुसस!"

"तू बी घास ना. छापा पडना मंग?"

"मनं मी पाही लिसू." पार्वतीनं आपली व्यवस्था वेगळी केली होती. गल्लीच्या तोंडाशी पानवाला बसायचा. पालिकेची जीप दिसली की त्यानं शीळ घालायची आणि पार्वतीनं शटर ओढून घ्यायचं. शटर बंद म्हणजे खानावळ नाही, खानावळ नाही म्हणजे छापा नाही. बाईंनी हे भाऊरावांना सांगितलं. ते म्हणाले, "रस्त्यानंच येतील कशावरून?" आणि भाकरी मागून घेतली.

दिवस जात राहिले. भाऊराव रोज येत, जेवत, जात. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. बाई मात्र वाट बघायच्या, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. कसे येतील? किती जण? आधी काय उघडतील? भीती होती, पण तिच्याहून उत्सुकता मोठी होती.

आणि एका दुपारी ते आले. पहिली पंगत उठून गेली होती, दुसरीला वेळ होता. सुपडू ओट्यावर डुलक्या घेत होते. गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावलीला पडलं होतं. रेल्वेलाइनीच्या बाजूनं, जिथून कुणी येत नाही अशा बोळातून, चार माणसं चालत आली. पुढं चष्मा लावलेला एक गृहस्थ, मागं पिशवीवाले दोघे, आणि शेवटी खाकी कपड्यांतला एक रखवालदार.

बाईंनी खाकी पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, धाडली भाऊनं माणसं. वेळ तर बघा कशी निवडली!

"या, या," त्या उठून दारात आल्या. "लई उशीर केला तुम्ही. मी कवाची वाट पाही राहिले."

चष्मेवाले जागीच थांबले. छाप्याला गेल्यावर असं स्वागत त्यांचं आजवर कुठं झालं नसावं. ते आत पाय टाकणार, तोच बाईंनी दारात हात आडवा धरला.

"चपला बाहेर. मोरी तिकडं शे. हात-पाय धुवा, मग आत."

"मासी, अमे कोण छीए, खबर छे?"

"सगळी खबर छे," बाई म्हणाल्या. "पण हा नियम सगळ्यांना एकच."

पिशवीवाल्यांतला एक हसला. चष्मेवाल्या साहेबांनी त्याच्याकडं बघितल्यावर गप्प झाला. मग साहेबांनी खरोखरच बूट काढले, मोरीवर हात धुतले, आणि आत आले. पण कपाळावर आठी होती.

"आम्ही येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आता ते मराठी-गुजराती मिसळून बोलत होते.

"ते मी सांगणार नाही."

"कोई मोटा माणस छे पाछळ?"

"मोठाच शे म्हणा. पण नाव घ्यायचं नाही असं ठरेल शे."

साहेबांना वाटलं, ही बाई कुणाच्या तरी वशिल्यावर बसलेली आहे आणि आपल्या माणसांतलंच कुणीतरी फितूर आहे. त्यांनी मग काही सोडलं नाही. माठाचं पाणी काचेच्या बाटलीत घेतलं. डब्यांत हात घालून पीठ बघितलं. पाट उलटे केले, परातीच्या बुडावरून बोट फिरवलं. बाई त्यांच्या मागं मागं फिरत होत्या आणि विचारत होत्या, "हे कशाला बघता? बाटलीत काय दिसेल? माठाचं तोंड मोठं असलं तर चालतं का?" साहेब आधी उत्तरं देईनात. मग एकदोन दिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही बाई आपल्याला टाळत नाही. हिला खरंच जाणून घ्यायचं आहे.

सगळं बघून झालं. साहेब दाराकडं वळले, तेव्हा बाईच म्हणाल्या, "थांबा. एक राहिलं. ते तुम्हाला सापडलंच नाही."

त्या त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेल्या. चुलीच्या खोलीमागं गटार होतं. त्यावरची फरशी फुटली होती आणि एक कोपरा उघडा होता. बाईंनी त्यावर फळी ठेवली होती, ती बाजूला केली.

"इथून उंदीर येतो. मी रोज फळी ठेवते, तो रोज सरकवतो. यावर काय करायचं ते सांगा. म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं."

सुरतेत त्या वर्षी उंदीर हा शब्द कुणी सहज काढत नसे. पिशवीवाले दोघे एकमेकांकडं बघू लागले. उंदराचं बीळ दाखवणारी खानावळवाली त्यांना प्रथमच भेटली होती. एवढ्यावर सील ठोकता आलं असतं. साहेब उकिडवे बसले, भोकात डोकावले, बोटानं फरशीची कड चाचपली.

"अखंड फरशी टाका," शेवटी ते म्हणाले. "बाजूनं सिमेंट भरा, त्यात काच कुटून घाला. तोवर चुलीच्या खोलीत रांधायचं नाही. पुढच्या खोलीत स्टोव्हवर करा. झाल्यावर मी बघायला येईन." त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला, बाईंच्या हातात दिला आणि बूट घालून बाहेर पडले.

"भाऊला सांगा, पास का नापास!" बाई मागून ओरडल्या. साहेबांना त्याचा अर्थ लागला नाही.

संध्याकाळी भाऊराव जेवायला आले तेव्हा बाई फुलून गेल्या होत्या.

"माणसं चांगली निवडली हो तुम्ही. पण तो चष्मेवाला भलता खट. एकदा हसला नाही."

"कोणती माणसं?"

"आता कशाला लपवता? दुपारी आली होती ती."

"ताई, मी अजून कुणाला धाडलं नाही. माझी माणसं रविवारी यायची होती."

बाईंनी फडताळातून कागद काढून दिला. भाऊरावांनी तो दिव्याखाली धरला, शिक्का पाहिला, आणि कागद हळूच खाली ठेवला. "हा पालिकेचा आहे."

धुरपदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना तो आडवा हात आठवला, ते बूट आठवले, आणि गटारावरची फळी आपण आपल्या हातानं सरकवली ते आठवलं. सुपडूंना वाटलं तिला घेरी आली, ते पाणी घेऊन धावले. "काय व्हयनं? कोन मरनं?"

"कोनी नही," बाई म्हणाल्या. "वाचनूत."

तेवढ्यात राघो आत आला. "मावशी, समोर बघितलं का? पार्वतीमावशीच्या शटरला सील आहे."

दुपारी बाई मागची भांडी पुढं हलवत होत्या तेव्हा तेच पथक समोर शिरलं होतं; ते बोळातून आल्यामुळं पानवाल्याची शीळ वाजलीच नव्हती. पार्वती आपल्या बंद शटरसमोरच्या पायरीवर बसली होती. तिची जेवणारी माणसं पाळी संपवून आली होती आणि काय करावं न कळून गल्लीत उभी होती. भाऊराव दारातून तिकडं बघत राहिले. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

बाई उठल्या. गल्ली ओलांडून त्या पार्वतीपाशी गेल्या.

"चाल."

"कुठे वो?"

"मना घर. तुना मानसं उपाशी शेत."

"माले दया नको दखाडू, धुरपदा."

"दया कसानी? दोन पंगती मी एकली कशी रांधू? पीठ मयाले हात पाह्यजे."

पार्वतीनं गल्लीत उभ्या आपल्या माणसांकडं पाहिलं. मग पदर खोचून उठली. बाईंच्या दाराशी आल्यावर तिनं चपला ओट्याखाली काढल्या आणि मोरीकडं वळली.

पुढच्या खोलीत दोन स्टोव्ह पेटले. एकीनं पीठ मळलं, दुसरीनं थापलं. पंगतीमागून पंगत उठली. मधेच बाईंनी विचारलं, कारण विचारल्यावाचून त्यांना राहवणार नव्हतं, "पार्वती, ते आत घुसनात तवा तुले कसं वाटनं? पयलेपासून सांग."

"तुले नही वाटनं का काही?"

"माले माहीतच नव्हतं ना ते खरा शेत म्हनीसन!"

पार्वतीनं तिच्याकडं पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला हसू फुटलं. मग ती सांगू लागली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन भाऊरावांनी हातगाडीवरून शहाबादी फरशी आणली. राघोनं काच कुटली, सुपडूंनी सिमेंट भरलं. साहेब सांगितल्याप्रमाणं बघून गेले. त्या वेळी बाई सारखे हात पदराला पुसत होत्या. खानावळ चालू राहिली. पार्वतीचं सील निघायला वेळ लागला, तोवर ती याच चुलीवर तिच्या माणसांच्या भाकरी भाजत होती.

तिचं शटर उघडल्यावर दोघींनी मिळून एक रीत पाडली. मनात येईल तेव्हा, न सांगता, एकीनं दुसरीच्या खानावळीत शिरायचं आणि झाकणं उघडून बघायचं. गल्लीतल्या माणसांना त्याची गंमत वाटायची. एकदा धुरपदाबाई दुपारच्या जरा आडव्या झाल्या होत्या. डोळे उघडले तर पार्वती त्यांच्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभी.

"कवढी वखत व्हयना तुले?" बाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"पुष्कळ. पीठ बरं शे. तेलनी बरनी चिकट शे, ती धू," पार्वती म्हणाली, आणि हात झटकून आल्या वाटेनं निघून गेली.